कार्ड नसलेला कॅमेरा

माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला आहे. हे आधी शिंप्याच्या लक्षात आलं, मग डॉक्टरांच्या आणि सगळ्यात शेवटी माझ्या. इतकी वर्षं एकाच खांद्यावर मोठा कॅमेरा, दोन-तीन लेन्स, फ्लॅश आणि त्यांचं सगळं बिऱ्हाड वागवल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणाले, हे ओझं बंद करा, नाहीतर एक दिवस हा हात केस विंचरायलाही वर जायचा नाही. मी म्हटलं, माझं पोट त्या ओझ्यावर चालतं. त्यावर ते म्हणाले, मग निदान घरी तरी उचलू नका.

घरी मी असायचे तरी कुठे? मी लग्नांचे, शाळांचे, कंपन्यांच्या समारंभांचे फोटो काढते. जगाला सुट्टी असते तेव्हा मला काम असतं. माझ्या मुलीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी कुणाच्या तरी आजोबांच्या वाढदिवसाला होते. तिचा पहिला दात पडला तेव्हा बुटांच्या कारखान्यातल्या कामगारांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करत होते. मुलीचं खरं नाव वेगळं आहे, पण बाळसं धरल्यापासून तिला ठमी हे नाव चिकटलं ते चिकटलंच. शाळेत बाईंनी प्रत्येकाला आई काय करते असं विचारलं, तर ठमीने सांगितलं, "आई नसते." बाईंनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात चौकशी केली. मी ही गोष्ट सगळ्यांना हसून हसून सांगितली, आणि त्याच दिवशी बाथरूमचा नळ सोडून पोटभर रडलेही.

घरी असले तरी हातात तोच धोंडा. ठमी लहान असताना लेन्सवर पंजा ठेवायची आणि म्हणायची, "आई, नाक दाखव." तेव्हा मी ठरवलं की घरापुरता एक छोटा कॅमेरा घ्यायचा, खिशात मावणारा. तिच्या आठवणींत मला असायचं होतं. फोटो मागे राहतात, पण फोटो काढणारी राहत नाही, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे.

जुने कॅमेरे दुरुस्त करून विकणारा एक म्हातारा माझ्या ओळखीचा आहे. त्याने काउंटरवर मखमलीचा तुकडा अंथरून चार-पाच छोटे कॅमेरे मांडले. मी नाक मुरडलं. आम्ही मोठे कॅमेरेवाले या जातीला साबणाची वडी म्हणतो. म्हातारा म्हणाला, "यात दोष पुष्कळ आहेत. सेन्सर लहान, अंधारात चित्र दाणेदार येतं, लेन्स बदलता येत नाही. गुण एकच. हा कुणाच्या नजरेत येत नाही." असं म्हणून त्याने त्यातला एक करड्या रंगाचा पुढे सरकवला. कडा झिजून आतला धातू दिसत होता, पण लेन्स स्वच्छ होती. कुणाचा होता म्हणून विचारलं, तर एक नवरा-बायको देऊन गेले म्हणे. घरात वापरणारं कुणी नाही, असं त्यांनी सांगितलं होतं.

नवऱ्याने कॅमेरा तळहातावर ठेवून जोखला आणि "मूर्ती लहान पण कीर्ती महान" असं प्रमाणपत्र दिलं. त्याचं औषधांचं दुकान आहे, आणि दिवसभर आजारी माणसं बघून घरी आला की त्याला विनोद सुचतात. मी मात्र पहिल्याच आठवड्यात त्या कॅमेऱ्याच्या प्रेमात पडले. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की समोरच्या माणसाचं पोट आत जातं आणि दात बाहेर येतात. या साबणाच्या वडीपुढे तसं काही व्हायचं नाही. लोक बोलत राहायचे, खात राहायचे, नाक खाजवायचे. माझा चेहराही झाकला जायचा नाही, कारण मागच्या पडद्यावर बघून बटण दाबायचं. एवढी वर्षं हे का सुचलं नाही, म्हणून मी स्वतःवरच चिडले.

पहिली सहल आम्ही तळ्यावर केली. पायाने चालवायची नाव घेतली. नवरा आणि ठमी पायडल मारत होते आणि मी समोरच्या फळीवर त्यांच्याकडे तोंड करून बसले होते. नवऱ्याचा एक बूट पाण्यात बुडाला. तो मी पिळून मांडीवर ठेवला आणि मग हसता हसता फोटो काढले. फार चांगले आले होते. ठमीच्या कपाळाला चिकटलेली ओली बट आणि तिच्या मागे चकचकणारं पाणी.

काही दिवसांनी माझी मोठी बहीण घरी आली होती. नवरा तिला फोटो दाखवत होता आणि मी ओट्याशी होते. ताईने विचारलं, हे काढले कुणी? तो म्हणाला, नाववाल्याने काढले असतील.

मला हसू आलं. मी म्हटलं, नाववाला काठावर होता, समोर मी बसले होते. तो म्हणाला, "अगं, तू कुठे होतीस? तुला काम होतं. तू नव्हतीस म्हणून तर ठमी कुरकुरत होती."

विनोद असेल म्हणून मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. विनोद करताना त्याची डावी भुवई उचलते. ती उचललेली नव्हती. मी बुटाची आठवण करून दिली. तो म्हणाला, "हो, भिजला होता की. ठमीने सांगितलं वाटतं तुला."

मी विषय वाढवला नाही. दुकानात मालाची मोजणी चालली होती, तो दमलेला होता. माणूस दमला की चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधतो. तसंच काहीतरी असेल.

मग सायकल आली. ठमीला सायकल मी शिकवली. हे मी छातीठोक सांगते, कारण अजूनही वाकलं की कंबर त्याची साक्ष देते. इमारतीमागच्या डांबरी पट्ट्यावर सीटला मागून धरून मी रोज धावत होते. एके दिवशी हात सोडला आणि ती गेली, एकटी, सरळ, पार कुंपणापर्यंत. मी उभ्या उभ्या खिशातून कॅमेरा काढला आणि फोटो घेत राहिले. ती वळून परत आली आणि माझ्या पोटावर आदळली. तिच्या केसांना उन्हाचा वास येत होता. असा एक दिवस मिळावा म्हणूनच तर मी ही सगळी खटपट केली होती.

त्या आठवड्यात ठमी ताईशी फोनवर बोलत होती आणि मी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते. ठमी सांगत होती की आता तिला सायकल येते, बाबांनी शिकवली, शेवटच्या दिवशी तर बाबाही नव्हते, आपली आपणच शिकली. पलीकडून ताईने काहीतरी विचारलं असावं. ठमी म्हणाली, "नाही गं मावशी, आई कामावर होती."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. रोजचं असल्यासारखं तिने ते सांगून टाकलं. फोन ठेवल्यावर मी तिला जवळ घेऊन सांगितलं की मी होते, मीच सीट धरून धावत होते. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं." तू रांगताना माती खायचीस, असं सांगितलं की मुलं जसं मान्य करतात, तसं. मला ते "बरं" फार लागलं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यात माझी उमेदवारी गेली आहे, आणि चित्र उमटतं ते रसायनामुळे, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून मी आधी ठमीला आणि नवऱ्याला दोष दिला, मग स्वतःच्या डोक्याला, आणि ते सगळं करून झाल्यावर कॅमेऱ्याकडे वळले.

ताई पडदे शिवायला आली होती. दुपारभर आम्ही दोघींनी मिळून कापड मापलं, टाके घातले, शेजारणींची यथेच्छ निंदा केली. मी छोट्या कॅमेऱ्याने तिचा एकच फोटो काढला, दातांत दोरा धरलेला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला की पडदे एकटीनेच उरकले, तू असतीस तर बरं झालं असतं. मी विचारलं, मग घरात शिरलीस कशी? ती म्हणाली, तूच किल्ली दिली असशील. पुढच्या खेपेला मी मोठा कॅमेरा काढला. ते तिला सगळं आठवत होतं. इतकंच नाही, तर आपली हनुवटी दुहेरी आली म्हणून तिने मला चार गोष्टी ऐकवल्या. त्यानंतर एकदा छोटा कॅमेरा नुसता टेबलावर ठेवला आणि बटण दाबलंच नाही. तेही तिला आठवत होतं.

म्हणजे ज्याने बटण दाबलं, तो फोटोतल्या माणसांच्या आठवणीतून जातो. मी हे स्वतःशी मोठ्याने म्हणून बघितलं. वाक्य वेडगळ होतं, पण त्यात चूक सापडेना.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने झोपेच्या गोळ्यांवर एक विनोद केला. मी चिडले नाही. म्हटलं, तू काढ माझा फोटो, कधीही, मला न सांगता, आणि मग आपण बघू. त्याने खांदे उडवून कॅमेरा खिशात टाकला.

दोन-चार दिवस गेले आणि मी विसरून गेले. मग एका सकाळी त्याने कॅमेरा माझ्यापुढे धरला. पडद्यावर मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, संत्रं सोलत, समोर बघून काहीतरी सांगत. ती सकाळ मला चांगली आठवत होती. ठमी शाळेत, नवरा दुकानात, घरात फक्त रेडिओ. सोलता सोलता मला शाळेतली एक मैत्रीण आठवली होती, जी दप्तरात कासव आणायची.

"मी समोर बसलो होतो," नवरा म्हणाला. "तू मला त्या कासववाल्या मैत्रिणीची गोष्ट सांगत होतीस. निम्मं संत्रं मला दिलंस."

मी पुन्हा आठवून बघितलं. टेबल होतं, सालं होती, संत्र्याचा वास होता. समोरची खुर्ची रिकामी होती, टेबलाखाली आत सारलेली. निम्म्या संत्र्याचं काय झालं ते मात्र मला सांगता येईना.

नवऱ्याने माझा चेहरा बघितला आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही. तो उठला, त्याने ती खुर्ची ओढली आणि तिच्यावर येऊन बसला.

कॅमेरा विकून दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला मन धजेना. फोडायचा म्हटलं तर चालू यंत्र फोडणं माझ्या जिवावर येतं. मग मी मला पटणारा उपाय केला. आतलं कार्ड काढून घेतलं. मोठ्या कॅमेऱ्यात कार्ड नसलं की तो लाकडाचा ठोकळा, बटण कितीही दाबा, काही उमटत नाही. आयुष्यभर मी तेच कॅमेरे हाताळले. कार्डावरचे फोटो संगणकात उतरवले आणि तो बिनकार्डाचा कॅमेरा टीव्हीखालच्या खणात टाकून दिला. "आता हे नुसतं खेळणं," असं मी म्हटल्याचं मला आठवतं. कुणाला म्हटलं ते आठवत नाही. नवऱ्यालाच असेल.

त्यानंतरचे दिवस सुखाचे होते. मी रविवारची कामं निम्मी केली. घरी फोटो काढणं बंदच करून टाकलं. पोहायला गेलो, तिथे मी कपड्यांसकट पाण्यात पडले. ती गोष्ट ठमीने शाळेत इतक्यांना सांगितली की बाई मला बघून तोंडाला रुमाल लावू लागल्या. माझी अशी फजिती जगजाहीर झाल्याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू? झोपताना ठमी विचारायची, आई, आठवतं का आपण तेव्हा काय केलं? आणि मला आठवायचं, तिलाही आठवायचं, आणि त्यात आम्ही दोघी असायचो.

काही बारीकसारीक गोष्टी होत्या, पण त्या कुणाच्या घरात नसतात? गाडी सुरू करण्याआधी नवरा मागे वळून ठमी नीट बसली ना ते बघायचा, आणि बघून झालं की पुन्हा एकदा वळायचा. ठमी झोपेत भिंतीकडे सरकून जायची. अर्धी गादी रिकामी टाकून स्वतः भिंतीला पालीसारखी चिकटायची. मी तिला मध्ये ओढून घेतलं की परत तिकडेच. वाढत्या वयाच्या मुली अशा झोपतात, असं ताई म्हणाली.

रंगाचं काम काढलं तेव्हा आम्ही बैठकीच्या खोलीतला सोफा भिंतीपासून ओढला. धुळीत एक पेन्सिल होती, एक चमचा होता आणि तो करडा कॅमेरा होता.

मी खण उघडून बघितला. खणात चार्जरची वायर तेवढी होती.

कॅमेरा चिकट होता. गोड काहीतरी खाऊन हात न धुता धरल्यासारखा. मी ठमीला हाक मारली. तिने मान हलवली. "मी नाही घेतला. तू हात लावू नको म्हणाली होतीस." ठमी हट्टी आहे, पण खोटं बोलत नाही.

नवरा वर्तमानपत्रं अंथरत होता. मान वर न करता तो म्हणाला, "अगं, तूच दिला होतास ना खेळायला? कार्ड नाहीये, काय बिघडतंय, म्हणालीस."

"कुणाला दिला होता?"

त्याने तोंड उघडलं. हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली आणि ती पुन्हा उलगडली. मग म्हणाला, "ठमीलाच असेल."

"मला नाही," ठमी म्हणाली.

दुपार होती. पडदे काढलेले असल्यामुळे खोलीत ऊन भरलं होतं. मी कॅमेरा चालू केला. लेन्स कुरकुरत बाहेर आली. बॅटरीची खूण लाल होती. कार्ड नव्हतं, ते माझ्या कामाच्या टेबलात होतं. तरीही फोटो बघायचं बटण दाबल्यावर पडद्यावर चित्र आलं.

हे मला ठाऊक असायला हवं होतं. कोणत्याही पोराटोराला ठाऊक असतं. या छोट्या कॅमेऱ्यांच्या पोटात थोडी स्वतःची मेमरी असते. कार्ड नसलं की ते फोटो तिथे ठेवतात.

सुरुवातीचे फोटो कशाचेच नव्हते. टेबलाचा पाय. पंखा. माझा गुडघा, ओळखीच्या हिरव्या गाऊनमधला. ठमीची हनुवटी, खालून. कोपऱ्यात बोट आलेलं, धूसर, गुलाबी.

मग आम्ही होतो. ठमी सोफ्यावर उलटी, पाय भिंतीला, हसतेय. नवरा जमिनीवर गुडघ्यांवर बसून दोन्ही हात पुढे पसरून. हात लेन्सच्या दिशेने आहेत आणि थोडे खाली.

मग तळं. हे आम्ही दुसऱ्यांदा गेलो होतो तेव्हाचं. आम्ही तिघं काठावर उभे आहोत, मी, नवरा आणि मध्ये ठमी. मागे पाणी आणि त्यापलीकडे सपाट क्षितिज. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. क्षितिजाची रेघ उभ्या माणसाला जिथे कापते, तेवढ्याच उंचीवर कॅमेरा असतो. मी ती रेघ बघितली. ती माझ्या मांडीच्या मधोमध होती.

कुणीतरी कॅमेरा दगडावर ठेवून काढला असेल, असं नवरा म्हणाला.

मी पुढचं बटण दाबलं. चौकट तिरपी झाली होती आणि आम्ही जवळ आलो होतो. त्याच्या पुढच्यात आणखी जवळ. कॅमेरा आमच्याकडे चालत येत होता.

फोटोत आम्ही तिघंही खाली बघतोय. तिघंही हसतोय. ठमीकडे बघताना माझा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे, नवऱ्याने मोठ्या कॅमेऱ्याने तो कितीदा टिपलाय. या फोटोतही तोच चेहरा आहे. पण ठमी माझ्या शेजारी उभी आहे आणि मी तिच्याकडे बघत नाहीये.

आम्ही घर उलटंपालटं केलं. माळे, पेट्या, कपाटांच्या तळाचे कपडे. एकही मोजा जास्तीचा सापडला नाही. मी ताईला फोन करून विचारलं की मला मुलं किती. ती म्हणाली, काय गं, रंगाचा वास डोक्यात गेला का? एकच, आणि तीच पुरून उरते.

मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, का विचारलंस?

ते फोटो मी पुसलेले नाहीत. बॅटरी भरून ठेवते आणि कॅमेरा उंच फळीवर ठेवते. रोज एकदा बघते. नवऱ्याने एकदाच बघितले, आणि त्यानंतर गाडी सुरू करण्याआधी तो मागे वळून बघायचा थांबला. तो दुकानातून उशिरा येतो. मी त्याला काही म्हणत नाही.

तळ्याकाठच्या शेवटच्या तीन फोटोंत माझं तोंड उघडं आहे. मी कुणाला तरी हाक मारतेय. पहिल्यात ओठ मिटून नुकतेच सुटताहेत. दुसऱ्यात जबडा खाली आलाय. तिसऱ्यात ओठ रुंदावलेत आणि दात दिसताहेत. नाव लहान असावं. लाडाचं असावं.

सकाळी ठमी शाळेला गेली की मी बाथरूमच्या आरशासमोर उभी राहते आणि तोंड तसंच करून बघते. आधी नुसते ओठ, मग त्यात आवाज सोडते. बाळांची जेवढी नावं मला ठाऊक आहेत तेवढी सगळी म्हणून झाली. काही बसतात, पण एकही ओळखीचं वाटत नाही. मला वाटत होतं की या ओठांच्या खेळाचा पत्ता फक्त मला आहे. ठमीला आम्ही ते फोटो दाखवलेले नाहीत, ती विचारतही नाही.

परवा बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. आत ठमी दात घासायला गेली होती आणि ब्रश बेसिनच्या कडेवर कोरडाच पडला होता. तिने ओठ मिटले, सोडले, मग रुंद केले. आवाज केला नाही. पुन्हा मिटले. तिची नजर आरशात नव्हती. ती शेजारी खाली बघत होती, साधारण माझ्या मांडीच्या उंचीवर.